गुडघ्याचं लिगामेंट तुटलंय, आता पुढं काय? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

यावेळी आलेल्या पत्रांत गुडघ्याचीच गर्दी आहे, आणि त्यातही एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आत मधोमध तिरकं असतं ते लिगामेंट, हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा. काही प्रश्न सारखेच होते म्हणून एकत्र केलेत. ज्यांनी नुसता एमआरआयचा फोटो पाठवून "सांगा काय करू" असं विचारलंय त्यांना एवढंच सांगते की फोटो बघून गुडघा तपासता येत नाही हो, हात लावावा लागतो.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे, कबड्डी खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी चढाई करून परत येताना मागून पकड झाली, गुडघा आत वळला आणि कटकन आवाज आला असं तो सांगतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजला. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण तुटलंय असं आलंय, डॉक्टर ऑपरेशन सांगतायत. गावात सगळे म्हणतात हाडवैद्याकडे ने, लेपानं बरं होतं. आता सूज उतरलीये, चालतोही बरा. ऑपरेशन लगेच करायलाच लागेल का? उशीर झाला तर पाय कायमचा जाईल का? (एक वडील, सांगली जिल्हा)

दादा, आधी घाबरणं बंद करा, पाय जात नाही. कट्ट आवाज आणि दोन-चार तासांत टम्म सूज, म्हणजे सांध्याच्या आत रक्त साठलं, आणि खेळणाऱ्या पोराला असं झालं की पहिला संशय एसीएलवरच जातो. साधं मुरगळलं तर सूज बहुतेक दुसऱ्या दिवशी दिसते. डॉक्टरांनी गुडघा थोडा वाकवून नडगी पुढं ओढून बघितली असेल, ती लॅकमन टेस्ट, अनुभवी हाताला त्यातच बरंच कळतं, एमआरआय हा मुख्यतः गादी, म्हणजे दोन हाडांमधली मेनिस्कसची चकती, फाटलीये का, बाकीची लिगामेंट कशी आहेत हे बघायला.

आता लेपाचं. गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट असतं, एमसीएल, ते बऱ्याचदा नुसत्या ब्रेसवर आणि व्यायामावर जुळून येतं कारण ते सांध्याच्या बाहेर आहे आणि त्याला रक्तपुरवठा चांगला. एसीएल सांध्याच्या पाण्यात असतं, तुटलेल्या दोन टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकतच नाही, त्यामुळे ते पूर्वीसारखं घट्ट क्वचितच जुळतं. लेप लावा नाहीतर लावू नका, तीन आठवड्यांत सूज उतरणारच होती आणि पोरगं चालायला लागणारच होतं, पण श्रेय लेपाला जातं, हे मी वर्षानुवर्षं बघतेय. लेपानं फार तर कातडीला पुरळ येईल, पण ओढून "बसवायचा" प्रकार मात्र अजिबात करू देऊ नका, आत गादी फाटलेली असेल तर आणखी फाटेल.

ऑपरेशन लगेच का, तर नाही. उलट सुजलेल्या, अर्धवट वाकलेल्या गुडघ्यावर घाईनं ऑपरेशन केलं तर तो नंतर आखडून बसायची भीती जास्त. आधी सूज पूर्ण उतरू दे, पाय दुसऱ्या पायाइतका सरळ होऊ दे, मांडीचा पुढचा स्नायू जागा होऊ दे, मग टेबलावर जायचं. हे काही आठवड्यांचं काम आहे आणि ते फिजिओकडे जाऊन करायचं असतं, खाटेवर पडून नाही. टाच उशीवर ठेवून गुडघ्याखाली पोकळी सोडायची आणि पाय सरळ होऊ द्यायचा, मांडी आवळून दहा मोजायचे, पाय सरळ ठेवून उचलायचा, जमेल तशी एका जागची सायकल. एवढ्या तयारीनिशी गेलेल्यांचं नंतरचं सगळं सोपं जातं.

घाई लागते ती वेगळ्या केसेसना. गुडघा अडकलाय, सरळच होत नाही, म्हणजे गादीचा फाटलेला तुकडा मध्ये अडकला असू शकतो, तिथं थांबायचं नाही. आणि बाइकच्या अपघातात गुडघा पूर्ण निखळला असेल, पाऊल गार किंवा पांढरं पडलं असेल तर ती रक्तवाहिनीची इमर्जन्सी आहे, तिथं मिनिटं मोजायची, आणि "पाय गेला" होतो तो अशा केसमध्ये.

तुमच्या मुलाचं वय १९ आणि खेळ कबड्डी, त्याला परत मॅटवर उतरायचं असेल तर ऑपरेशनचा सल्ला मला रास्त वाटतो. दिशा झटकन बदलणं, पकडीतून वळून सुटणं हे एसीएलशिवाय करायला गेलं की गुडघा सटकतो आणि दर वेळी सटकताना गादी थोडी थोडी खराब होत जाते. तेव्हा दोन-तीन महिने लागले तर काही बिघडत नाही पण "एवढी एक स्पर्धा निकॅप घालून काढतो" असं तो म्हणेल, म्हणेलच, तिथं तुम्ही बाप म्हणून आडवे पडा. निकॅप गुडघा गरम ठेवते, लिगामेंटचं काम करत नाही. खर्चाचं तुम्ही लिहिलं नाहीये तरी सांगते, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतात, ॲडमिट व्हायच्या आधीच त्यांच्याकडे कागद घेऊन जा आणि तुमची केस बसते का ते विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो.

प्रश्न : मी ४४ वर्षांची, बँकेत नोकरी. पावसात स्कूटर घसरून पडले, एसीएल तुटल्याचं निदान झालं. दोन डॉक्टरांनी दोन वेगळी मतं दिली, एक म्हणाले ऑपरेशन, दुसरे म्हणाले तीन महिने व्यायाम करून बघा. मी काही खेळाडू नाही. कोणाचं ऐकू? (नाशिक)

ताई, दोघंही बरोबर असू शकतात, ऐकायला विचित्र वाटेल पण खरंय. स्वीडनमध्ये एक चांगला अभ्यास झालाय, २०१० साली छापून आला. १८ ते ३५ वयाच्या, बऱ्यापैकी खेळणाऱ्या १२१ लोकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं, एका गटाला लवकर ऑपरेशन आणि नंतर व्यायाम, दुसऱ्याला आधी व्यायाम आणि गरज वाटली तरच नंतर ऑपरेशन. दोन वर्षांनी दुखणं, खेळणं, रोजचं जगणं यात दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. दुसऱ्या गटातल्या ३९ टक्के लोकांनी दोन वर्षांत ऑपरेशन करून घेतलं होतं आणि पाच वर्षांनी हा आकडा ५१ टक्क्यांवर गेला, म्हणजे निम्म्यांना पाच वर्षं ऑपरेशनशिवाय निभावलं. आणि ही तर तरुण, पळणारी माणसं होती.

त्यामुळे तुमच्या जागी मी असते तर आधी तीन महिने मनापासून व्यायाम केला असता. मनापासून म्हणजे आठवड्यातून तीन-चार दिवस, वजन लावून, स्क्वॅट, स्टेप-अप, एका पायावर तोल सांभाळणं, मांडीमागचे स्नायू, सगळं. पट्टा लावून शेक घेणं आणि मशीनच्या वायरी चिकटवून पडून राहणं म्हणजे व्यायाम नाही, ते बरं वाटतं एवढंच. मग स्वतःला विचारा, जिना उतरताना, गर्दीत पटकन वळताना, ओल्या फरशीवर गुडघा दगा देतो का? देत नसेल तर एमआरआयचा कागद कपाटात ठेवा आणि व्यायाम चालू ठेवा. वारंवार देत असेल, किंवा तुम्हाला ट्रेकिंग वगैरेचा नाद असेल आणि तो सोडायचा नसेल, तर ऑपरेशन करा. ४४ हे वय त्यासाठी अजिबात जास्त नाही, गुडघा झिजलेला नसला म्हणजे झालं. रिपोर्टवर ऑपरेशन होत नसतं, गुडघा सटकतो का यावर होतं.

प्रश्न : ऑपरेशन ठरलंय पण ग्राफ्टवरून डोकं फिरलंय. एक सर्जन हॅमस्ट्रिंग म्हणतात, दुसरे घोट्याजवळचा पेरोनियस, इंटरनेटवर वाटीखालचा बेस्ट लिहिलंय. आणि आत स्क्रू राहणार, मग पुढं एमआरआय करता येतो का? (वय ३१, आयटी, पुणे)

तुमचं तुटलेलं लिगामेंट शिवत नाहीत बहुतेकदा, त्या जागी तुमचीच दुसरीकडची एक दोरी, म्हणजे टेंडन, काढून हाडात बोगदे पाडून बसवतात, हाच ग्राफ्ट, सगळं दुर्बिणीतून. कमरेत इंजेक्शन देऊन भूल, साधारण तास-दीड तास. हॅमस्ट्रिंग म्हणजे मांडीमागच्या स्नायूचं टेंडन, ते सगळ्यात जास्त वापरतात, चीर छोटी, फक्त मांडीमागची ताकद परत आणायला वेळ द्यावा लागतो. वाटीखालच्या पट्ट्याला दोन्ही टोकांना हाडाचे तुकडे असतात म्हणून तो बोगद्यात लवकर धरतो आणि पकडापकडीचे खेळ खेळणाऱ्या तरुणांना बरेच सर्जन तोच देतात, पण नंतर गुडघे टेकताना पुढं दुखू शकतं, नमाजाला बसणारे, फरशी बसवणारे, जमिनीवर काम करणारे यांनी हे आधी सर्जनच्या कानावर घालावं. पेरोनियस घोट्याच्या बाहेरच्या बाजूनं काढतात, आपल्याकडे हल्ली बराच चालतो, हॅमस्ट्रिंग बारीक निघणार असेल किंवा एकाच वेळी दोन लिगामेंट करायची असतील तर कामाला येतो. मांडीच्या पुढच्या स्नायूचाही घेतात.

माझं मत विचाराल तर ग्राफ्टच्या नावापेक्षा "डॉक्टर, तुम्ही वर्षात हे ऑपरेशन किती करता आणि तुमचा हात कशावर बसलाय" हा प्रश्न जास्त कामाचा. ग्राफ्ट धरून ठेवणारा स्क्रू किंवा बटन हल्ली टायटॅनियमचं नाहीतर विरघळणारं असतं, एमआरआय करता येतो, डिस्चार्ज कार्डावर इम्प्लांटचं स्टिकर लावलेलं असतं ते जपून ठेवा. स्क्रू नंतर काढावा लागत नाही, त्रास झाला तरच.

प्रश्न : नवऱ्याचं एसीएलचं आणि गादी शिवायचं असं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. गुडघा पूर्ण सरळ होत नाही, दुखतं म्हणून सासूबाई गुडघ्याखाली जाड उशी देतात. व्यायाम करताना ओरडतात म्हणून त्या फिजिओलाही "राहू दे आज" म्हणतात. नडगीच्या बाजूला बधिर लागतं तेही सांगा. (छत्रपती संभाजीनगर)

सासूबाईंना हे उत्तर मोठ्यानं वाचून दाखवा, माझं नाव घेऊन, म्हणजे तुमच्यावर येणार नाही. काकू, ती उशी काढा. आजच. गुडघ्याखाली उशी दिली की पाय वाकलेला राहतो, बरं वाटतं कारण सांध्याला सुजेत तसंच आवडतं, पण त्याच स्थितीत आतलं सगळं आखडत जातं. उशी द्यायचीच तर टाचेखाली द्या. पाय उंच राहतो, सूज उतरते आणि गुडघा आपल्या वजनानं सरळ होतो.

लोकांना सगळी काळजी पाय किती वाकतो याची असते, रोज विचारतात नव्वद झाला का, शंभर झाला का. वाकणं हळूहळू येतंच. सरळ होणं गेलं तर मात्र माणूस लंगडतो, मांडीचा स्नायू नीट आवळत नाही, वाटी दुखायला लागते, आणि एकदा हे जुनं झालं की परत दुर्बीण घालून आतला अडथळा काढायची वेळ येऊ शकते. तीन आठवड्यांत पाच-सात अंशांची कमी असेल तर अजून सगळं हातात आहे पण पुढच्या तपासणीची वाट बघू नका, सर्जनना याच आठवड्यात दाखवा. दिवसातून चार-पाच वेळा टाच उशीवर, गुडघा मोकळा, दहा मिनिटं, त्यातच मांडी आवळायची, गुडघ्याचा मागचा भाग खाली दाबायचा. व्यायामाच्या अर्धा तास आधी डॉक्टरांनी दिलेली दुखण्याची गोळी घेतली आणि नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून बर्फ लावला तर ओरडणं निम्मं कमी होईल.

गादी शिवलीये म्हणून तुमच्या केसमध्ये एक फरक आहे. नुसतं एसीएल असेल तर बरेच सर्जन पहिल्या दोन-चार दिवसांतच क्रचेस घेऊन पायावर भार द्यायला लावतात, गादी शिवली असेल तर चार-सहा आठवडे भार कमी आणि नव्वदच्या वर वाकवायचं नाही असं बहुतेक सांगतात, टाके कुठं आहेत त्यावर ठरतं. तेव्हा शेजारच्यांच्या पोराचं वेळापत्रक लावून घेऊ नका, तो तीन आठवड्यांत जिना चढत होता तर चढू दे.

बधिरपणाचं, चीर देताना कातडीखालची एक बारीक नस दुखावते, खूप जणांना होतं, बधिर भाग महिन्यांमध्ये आक्रसत जातो, थोडासा कायम राहिला तरी पायाच्या ताकदीशी संबंध नाही. काळजी करायची ती या गोष्टींची : पोटरी दुखणं, घट्ट होणं आणि सुजणं, अचानक धाप लागणं, ताप, जखमेतून पाणी येणं, किंवा कमी होत आलेलं दुखणं एकदम वाढणं. पोटरीत रक्ताची गुठळी किंवा सांध्यात इन्फेक्शन, दोन्हीही सकाळपर्यंत थांबण्यासारखे नाहीत. धाप लागली तर फोन-बिन नंतर, सरळ कॅज्युअल्टी गाठा.

प्रश्न : डॉक्टर, माझं एसीएल ऑपरेशन होऊन साडेचार महिने झाले. काहीच दुखत नाही, जॉगिंग करतो, जिममध्ये लेग प्रेस पण मारतो. ग्रुपची टर्फवर फुटबॉल टुर्नामेंट आहे. फिजिओ म्हणतो नऊ महिने थांब. त्याला फी पाहिजे म्हणून तो लांबवतोय का? (वय २४, ठाणे)

नाही रे बाबा, आणि त्याला हे दाखवू नकोस. दुखत नाही हीच तुझी खरी अडचण आहे. बसवलेला ग्राफ्ट पहिल्या दिवशी मजबूत असतो, मग त्यातल्या जुन्या पेशी मरतात, नवीन रक्तवाहिन्या शिरतात आणि तो हळूहळू लिगामेंटसारखा घडत जातो, या सगळ्यात साधारण दीड ते तीन महिन्यांच्या दरम्यान तो सगळ्यात नाजूक असतो आणि नेमकं तेव्हाच माणसाला वाटायला लागतं की आपण बरे झालो. कलम बांधलं, पालवी फुटली म्हणून लगेच झाडावर चढत नाहीत ना कोकणात, तसंच. आतलं काम वर्षभर आणि त्याही पुढं चालू असतं, बाहेरून काही कळत नाही.

नऊचा आकडा फिजिओनं खिशातून काढलेला नाही. एसीएलचं ऑपरेशन झालेल्या १०६ खेळाडूंचा दोन वर्षं पाठपुरावा केला, २०१६ साली आलं ते, त्यात नऊ महिन्यांपर्यंत खेळणं जितकं लांबवलं तितकं दर महिन्यामागे परत दुखापत व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्यानं कमी होत गेलं. नऊच्या पुढं थांबून तसा आणखी फायदा दिसला नाही. आणि नुसते महिने मोजून भागत नाही हेही त्यातच दिसलं : ताकदीच्या आणि उड्यांच्या सगळ्या टेस्ट पास होऊन खेळायला गेलेल्यांपैकी ५.६ टक्क्यांना परत दुखापत झाली, पास न होता गेलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना. संख्या लहान आहे, मान्य, पण फरक केवढा बघ. पंचविशीच्या आतल्या, परत खेळायला उतरणाऱ्या पोरांमध्ये साधारण दर चार-पाचात एकाला परत एसीएल जातं, त्याच पायाचं नाहीतर दुसऱ्या पायाचं, आणि तू २४ चा आहेस.

तेव्हा फिजिओला सांग टेस्ट घे. एका पायावर लांब उडी, तिहेरी उडी, मांडीच्या पुढच्या-मागच्या स्नायूंची ताकद मशीनवर, ऑपरेशनचा पाय दुसऱ्याच्या किमान ९० टक्के यायला हवा. उडी मारून उतरताना गुडघा आत पडतो का ते मोबाईलवर शूट करून बघा. लेग प्रेस दोन पायांनी मारतोस ना, त्यात चांगला पाय गुपचूप सगळं काम करून टाकतो, एका पायानं मारून बघ म्हणजे कळेल. ऋषभ पंतचं आठवत असेल, ३० डिसेंबर २०२२ ला रुडकीजवळ अपघात, मग मुंबईत गुडघ्याच्या लिगामेंटचं ऑपरेशन, आणि बीसीसीआयनं फिट म्हणून जाहीर केलं ते मार्च २०२४ मध्ये, चौदा महिन्यांच्या रिहॅबनंतर. त्याच्या जखमा तुझ्यापेक्षा खूप मोठ्या होत्या हे खरं, पण त्याच्या दिमतीला माणसंही खूप होती. टुर्नामेंटला जा, पण स्कोअर लिहायला बस.

प्रश्न : मी मडगावला शाळेतल्या मुलींना फुटबॉल शिकवतो. दोन वर्षांत दोघींचं एसीएल गेलं, दोघींनाही कुणाचा धक्का लागला नव्हता. मुलींना हे जास्त होतं का? काही करता येतं का?

हो सर, एकाच खेळात मुलींना मुलांपेक्षा दुपटीहून जास्त धोका असतो असं बहुतेक अभ्यास सांगतात, आणि धक्का न लागता होणं हेच जास्त कॉमन आहे, पळताना एकदम थांबणं, वळणं, हेडर मारून एका पायावर उतरणं. कारणं शरीराच्या ठेवणीत शोधतात, हार्मोनमध्ये शोधतात, पण मला विचाराल तर मुलींना लहानपणापासून उडी मारायला, वजन उचलायला कोणी शिकवतच नाही हे कारण रोज डोळ्यांसमोर दिसतं. आणि ते बदलता येतं.

फिफाचा ११ प्लस नावाचा वॉर्मअप आहे, फुकट आहे, वीस मिनिटं लागतात, बॉल सोडला तर साहित्य काही नाही. पळणं, मग प्लँक, मांडीमागचे व्यायाम, एका पायावर तोल, उड्या आणि उतरणं, मग परत पळणं. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर तो वापरून बघितला, २००८ मध्ये प्रसिद्ध झालं, गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. फक्त तो आठवड्यातून दोन-तीनदा, वर्षभर, नीट करून घ्यावा लागतो, मॅचच्या आदल्या दिवशी एकदा करून काही होत नाही. उतरताना गुडघा पावलाच्या बोटांच्या रेषेत, आवाज न करता उतरायचं, एवढं जरी तुम्ही रोज ओरडून सांगितलंत तरी फरक पडेल.

प्रश्न : ऑपरेशनला अडीच महिने झाले. वय ५२. मांडी घालून पूजेला कधी बसता येईल? इंडियन संडासात बसू शकतो का? आणि स्कूटर? (कोल्हापूर)

काका, स्कूटर बहुतेक चालवता येईल, पण आधी बंद गाडी स्टँडवरून काढून, एका जागी दोन्ही पाय टेकवून, पटकन पाय टाकायला जमतंय का बघा, कारण खड्ड्यात तोल गेला की ऑपरेशनचाच पाय खाली टाकावा लागतो. मांडी घालणं आणि उकिडवं बसणं यात गुडघा पूर्ण वाकतो, वर पिळही पडतो, साधारण चार-सहा महिन्यांनी सर्जन परवानगी देतात आणि गादी शिवली असेल तर त्याहून उशिरा. तोवर संडासात कमोडची खुर्ची ठेवा, मेडिकल दुकानात भाड्यानंही मिळते, आणि पूजा खुर्चीवर बसून करा. परवानगी मिळाल्यावर पहिल्यांदा पलंगावर मांडी घाला, जमिनीवर नाही, म्हणजे उठताना पाय खाली सोडता येतात आणि घरच्यांना हाका मारायला लागत नाहीत.